दाराची कडी आधी ठरवा

पत्र : मी कोल्हापूरला नाट्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. परीक्षेसाठी मला विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक दिग्दर्शित करायचे आहे. प्रयोगाला आठ आठवडे उरले आहेत. विभागाचे लहान सभागृह मिळाले आहे, तेथे साधारण शंभर प्रेक्षक बसतात आणि त्याला एकच जुने लाकडी दार आहे. तालमी सुरू करण्याआधी दिग्दर्शनाचा लेखी आराखडा द्यावा लागतो. मी मंचावर मोठा लोखंडी पिंजरा, दुसऱ्या अंकापासून सर्व पुरुष पात्रांना मुखवटे, नायिका बेणारेच्या स्वगताला लाल प्रकाश आणि शेवटी ती पिंजरा मोडून प्रेक्षकांतून निघून जाते, असे लिहिले होते. काळही आजचा घ्यावा, असे मनात आहे. सरांनी आराखडा परत दिला आणि त्यावर 'कल्पना आहेत, दृष्टी नाही' असा शेरा मारला. या दोहोंत फरक काय आणि मी आता कुठून सुरुवात करू?

उत्तर : तुमच्या सरांचा शेरा कठोर वाटला असेल, पण तो तुमच्या मेहनतीला हिणवणारा नाही. दिग्दर्शकाच्या मनात आधी चित्रेच येतात आणि ती यायलाच हवीत. ज्याला संहिता वाचताना काहीच दिसत नाही, त्याने दिग्दर्शनाच्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते. मात्र तुमच्या आराखड्यातल्या चारही गोष्टी मी संहितेशेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा लक्षात आले की त्या चारही एकच वाक्य बोलत आहेत : ही बाई बंदिवान आहे आणि हे पुरुष क्रूर आहेत. हे वाक्य खोटे नाही. पण नाटकाला ते कळायला तीन अंक लागतात आणि तुमच्या प्रेक्षकाला ते पडदा उघडताच, पिंजरा दिसल्याबरोबर कळते. मग उरलेले दोन तास त्याने काय करायचे?

या नाटकाची घडण पुन्हा एकदा आठवून पाहा. मुंबईची एक हौशी मंडळी एका गावात रात्रीच्या अभिरूप न्यायालयाच्या प्रयोगासाठी येते. प्रयोगाला वेळ आहे, गावातल्या सामंतला कोर्ट कसे चालते ते ठाऊक नाही, म्हणून त्याला समजावण्यासाठी लुटुपुटीचा खटला मांडायचे ठरते. मंडळीतली अविवाहित शिक्षिका बेणारे आत गेलेली असताना बाकीचे तिला आरोपी करण्याचा बेत करतात आणि ती बाहेर आल्यावर खेळ सुरू होतो. पहिल्या अंकात आपण त्या मंडळींबरोबर हसतो, किंबहुना बेणारेच सर्वांत जास्त हसते आणि हसवते. हा खेळ नेमका कोणत्या क्षणी खेळ राहत नाही, हे प्रेक्षकाला नंतर आठवून सांगता येत नाही, कारण त्या क्षणी तोही हसत होता. माझ्या मते नाटकाची सारी ताकद या एका गोष्टीत आहे. म्हणून तुमच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न असावा : खेळ कुठे संपतो आणि ते सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येते? या प्रश्नाला तुम्ही तुमचे, म्हणजे दुसऱ्या दिग्दर्शकापेक्षा वेगळे असू शकेल असे, उत्तर दिलेत आणि नेपथ्य, हालचाली, प्रकाश, ध्वनी या प्रत्येक निर्णयाला ते उत्तर लावून पाहिलेत, की त्याला दृष्टी म्हणता येईल. कल्पना एकेकटी सुंदर असू शकते. दृष्टी असली की एक निर्णय बदलताच दुसरे चार निर्णय आपोआप बदलावे लागतात. तुमच्या आराखड्यातला पिंजरा काढून टाकला तर मुखवट्यांना काहीच फरक पडत नाही, लाल प्रकाशालाही नाही. सरांना बहुधा हेच खटकले असावे.

या प्रश्नाचे उत्तर संहितेत शोधण्यासाठी एक साधे काम करा. वहीच्या पानावर उभे रकाने आखा : बेणारे, सामंत, काशीकर, मिसेस काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, रोकडे आणि शेवटचा रकाना प्रेक्षकाचा. प्रत्येक प्रवेशाच्या, आणि जिथे मजकूर घट्ट आहे तिथे प्रत्येक पानाच्या शेवटी, त्या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे आणि कोण काय ठाऊक नसल्याचे दाखवतो आहे, ते लिहा. सामंतचा रकाना तुम्हाला चकित करील. तो बिचारा साक्षीदार म्हणून हातातल्या कादंबरीतला मजकूर सांगतो. त्याच्या दृष्टीने तो निव्वळ खेळ आहे, पण त्याची रचलेली साक्ष बेणारेच्या खऱ्या आयुष्याला जाऊन भिडते आणि खोलीतली हवा बदलते. सर्वांत निरागस माणसाच्या तोंडून पहिला घाव बसतो. या जागी तुम्ही सामंतला कुठे उभे करता, त्याची पाठ बेणारेकडे असते की तोंड, तिचा चेहरा आम्हाला दिसतो की नाही, यात तुमचे दिग्दर्शन मला दिसेल. हे काम किमान एक आठवडा घेईल आणि तो आठवडा वाया गेला असे कोणालाही म्हणू देऊ नका.

आता दाराकडे येतो, कारण माझ्या लेखी तुमच्या आराखड्याची खरी सुरुवात दारापासून व्हायला हवी. तेंडुलकरांनी दाराची कडी नाटकाच्या अगदी आरंभी आणली आहे : बेणारेचे बोट तिच्यात चिमटते आणि ही कडी नीट सरकवली नाही तर घोटाळा होतो, हे आपल्याला बोलता बोलता कळते. पुढे बेणारे निघून जायला बघते तेव्हा तेच दार बाहेरून लागलेले असते. लोखंडी पिंजऱ्याचे सगळे काम ही एक कडी करते, आणि ते कोणालाही न सांगता करते. शिवाय आपल्या भाषेत आरोपी जिथे उभा राहतो त्या जागेलाच पिंजरा म्हणतात, तेव्हा तो शब्दही नाटकात आधीपासून हजर आहे. वेगळे बांधकाम करण्याऐवजी सभागृहातल्या साध्या लाकडी खुर्च्यांच्या पाठी फिरवून तुम्ही आरोपीची जागा केलीत, तर पहिल्या अंकात ज्या खुर्चीवर बसून कोणी चहा प्यायला होता, तीच खुर्ची तिसऱ्या अंकात बेणारेच्या वाटेत आडवी येईल. वस्तू तीच राहते आणि तिचा अर्थ बदलतो. खेळाचा खटला होण्याची हीच तर रीत आहे.

तुमच्या सभागृहाला एकच जुने लाकडी दार आहे, हे तुम्ही पत्रात सहज लिहिले आहे. मला ते तुमच्या पत्रातले सर्वांत मौल्यवान वाक्य वाटले. प्रेक्षक ज्या दारातून आत येतील तेच नाटकातले दार केले तर काय होईल, याचा विचार करा. मंचावरचे नेपथ्याचे दार बंद झाले की बेणारे अडकते. खोलीचे खरे दार बंद झाले की तिच्याबरोबर आपणही अडकतो. शेवटी गावकरी दार उघडून प्रयोग सुरू झाला का असे विचारतात, तेव्हा ते आपण आलो त्याच वाटेने येतील आणि आपल्यासारखेच दिसतील. मात्र हे करायचे तर बैठक बदलावी लागेल, कारण समोरासमोरच्या नेहमीच्या बैठकीत दार प्रेक्षकांच्या पाठीमागे जाते. खुर्च्या लांबीच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे तोंड करून मांडा. एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला काशीकरांचे न्यायासन असू द्या. मधल्या पट्ट्यात नाटक घडेल. बेणारेला न्यायासनापासून दारापर्यंत जायला पंधरा-वीस फूट चालावे लागेल आणि ते अंतर दोन्ही बाजूंच्या नजरांमधून कापावे लागेल. समोरचा प्रेक्षक हसताना दिसतो तेव्हा आपणही हसतो आहोत हे कळते, आणि पुढे तोच समोरचा चेहरा गंभीर झाला की आपण थोडे उशिरा थांबलो हेही कळते.

या मांडणीची किंमत मी लपवणार नाही. नटांची पाठ सतत कोणाकडे तरी राहील, त्यामुळे आवाजाची तयारी अधिक लागेल आणि आठ जणांना एका रांगेत बसवण्याची सोय राहणार नाही. प्रकाश प्रेक्षकांवर सांडेल आणि तो सांडणारच, हे धरून प्रकाशयोजना करावी लागेल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शंभर माणसे आत असताना सभागृहाचे एकमेव दार प्रत्यक्षात कधीही कडी घालून बंद करता येणार नाही. बाहेर एक माणूस उभा ठेवा, त्याच्या हातात लाकडी फळीवर ठोकलेली निराळी कडी द्या आणि आवाज त्या कडीचा येऊ द्या. हे सारे नको वाटले तर मंचावरचे दार घ्या. तेही उत्तम होऊ शकते. मग ते मागच्या भिंतीत मध्यभागी न ठेवता कडेला, प्रेक्षकांच्या जवळ ठेवा, म्हणजे बेणारे दाराशी झगडताना आमच्या सर्वांत निकट येईल. दोन्हींपैकी काय निवडलेत आणि का, एवढे एका परिच्छेदात लिहिता आले, तर तुमचा आराखडा अर्ध्याहून अधिक झाला असे समजा.

मुखवट्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ते घेऊ नयेत. पार्ल्याला अभिरूप न्यायालयाच्या कार्यक्रमासाठी निघालेल्या एका गटाच्या गप्पा कानांवर पडल्या आणि तेंडुलकरांना या नाटकाचे बीज सापडले. ती माणसे तुमच्याआमच्या गाडीच्या डब्यातली होती. काशीकरांचे कान कोरणे, पोंक्षेचा पाइप, कर्णिकचे पान या बारीक सवयींतून ती उभी राहतात. मुखवटा चढवला की तो कोणी दुसरा आहे, मी नाही, असे म्हणायची सोय प्रेक्षकाला मिळते. एखादे दृश्य साधन संपूर्ण प्रयोगभर वापरायचे असेल तर त्याने नाटकाची अनेक कामे केली पाहिजेत. याचे उदाहरण त्याच नाटककाराच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये आहे. १९७२ साली डॉ. जब्बार पटेल यांनी पुण्यात ते बसवले तेव्हा माणसांची रांग हीच भिंत झाली, तीच पडदा झाली, तीच गर्दी झाली. ती जे झाकते आणि जे उघडे करते तोच त्या नाटकाचा विषय आहे, म्हणून ती रांग काढली तर नाटकच उरत नाही. तुमचे मुखवटे काढले तर मात्र नाटकाचे काही बिघडत नाही, उलट ते मोकळे होते.

काळ आजचा घेण्याविषयी दोनदा विचार करा. रंगायन या नाट्यसंस्थेने १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक केले आणि सुलभा देशपांडे यांनी बेणारे उभी केली, तेव्हा या देशात वैद्यकीय गर्भपाताला परवानगी देणारा कायदा नव्हता. तो १९७१ साली झाला आणि १९७२च्या एप्रिलपासून लागू झाला. अविवाहित, गरोदर शिक्षिकेसमोर तेव्हा कोणत्या वाटा होत्या, तिच्या पर्समध्ये विषाची बाटली का असते, हे त्या काळाशी बांधलेले आहे. खटल्यातले ३०२ हे खुनाचे कलम भारतीय दंड संहितेतले आहे आणि त्या संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. आणि साधी गोष्ट म्हणजे, सर्वांच्या खिशात मोबाइल असताना दाराची कडी कोणालाही फार वेळ अडकवून ठेवू शकत नाही. एक धागा ओढलात की किती टाके उसवतात ते पाहा. बेणारेवर होणारे आरोप आजच्या मुलींना ऐकून माहीत आहेत, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हाला काळ बदलावासा का वाटतो तेही कळते. पण ती ओळख प्रेक्षकांना स्वतःहून पटू द्या. १९६७ची साडी आणि १९६७ची खुर्ची पाहत असताना आजची आठवण येणे अधिक बोचते.

आता स्वगत. आराखड्यात तुम्ही त्याला फक्त एक रंग दिला आहे, म्हणून येथे मी जरा थांबतो. बोलण्यासाठी तिला थोडका वेळ दिला जातो, ती गप्प राहते, आणि मग बाकीचे सारे जागच्या जागी थिजलेले असताना ती बोलते. म्हणजे हे बोलणे त्या खोलीतल्या कोणीही ऐकलेले नाही. ते फक्त आपण ऐकतो आणि तरीही काही करू शकत नाही. दिग्दर्शक म्हणून तुम्हाला ठरवायचे आहे की ती कोणाशी बोलते : प्रेक्षकांशी, वर्गातल्या मुलांशी, तिच्या पोटातल्या मुलाचे वडील असलेल्या, पण गैरहजर राहिलेल्या दामल्यांशी, पोटातल्या जिवाशी की स्वतःशी? एकाच स्वगतात हे श्रोते बदलू शकतात. कोणत्या वाक्याला कोण, ते पेन्सिलीने समासात लिहा आणि तुमच्या अभिनेत्रीला तुमचे टिपण न दाखवता तिचे स्वतःचे लिहायला सांगा. दोन टिपणे जिथे जुळत नाहीत तिथे तालमीचे खरे काम आहे. बाकीच्यांनी कित्येक मिनिटे निश्चल राहणे हे शारीरिकदृष्ट्या अवघड आहे. त्यांना नाट्यमय पण तोल न साधणाऱ्या अवस्थेत थिजवलेत, तर तिसऱ्या मिनिटाला कोणाचा तरी गुडघा थरथरेल आणि आमचे डोळे तिकडे जातील. वजन दोन्ही पायांवर, हात कशावर तरी टेकलेला आणि नजर बेणारेपासून जरा बाजूला असावी. लाल प्रकाशाची तेथे गरज नाही. रंग बदलला की प्रेक्षकाला आता भावुक व्हायची सूचना मिळते. खोलीतला नेहमीचाच उजेड बाकीच्यांवरून हळूहळू उतरवा, इतका हळू की तो कधी उतरला हे कळू नये, आणि स्वगत संपताच तो एकदम परत आणा. त्या परत आलेल्या उजेडात तिला पुन्हा आरोपी होताना पाहणे कुठल्याही लाल दिव्यापेक्षा असह्य होईल.

शेवट बदलू नका. ती पिंजरा मोडून निघून जावी असे तुम्हाला वाटते, यात तुमचे बेणारेवरचे प्रेम दिसते आणि त्याचा मला आदर आहे. पण मंडळी खेळच तर होता म्हणून सहज सावरतात, रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात आणि सामंत त्याचा कापडी पोपट हळूच तिच्याजवळ ठेवून जातो, या शेवटात जी जबाबदारी आपल्यावर येते, ती बेणारे प्रेक्षकांतून चालत निघून गेली की आपल्या खांद्यावरून उतरते. शिवाय लेखकाने लिहिलेला शेवट बदलायला हक्कधारकांची परवानगी लागेल. २००८ साली तेंडुलकर गेले. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क त्यानंतर साठ वर्षे राहतात. शिक्षणक्रमाचा भाग म्हणून केवळ विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे, पण पुढे कुठे तिकीट लावून किंवा स्पर्धेत करणार असाल तर हक्कधारकांची लेखी परवानगी आणि नाट्यसंहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र या दोन्ही गोष्टी आताच विचारून ठेवा.

आराखडा किती बारीक असावा, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ती चिंता पत्राच्या ओळींमधून जाणवते. ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रुक यांनी स्वतःचा एक अनुभव लिहून ठेवला आहे. १९४६ साली, विशीतच असताना, स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचे नाटक बसवण्यासाठी त्यांनी घरी पुठ्ठ्याच्या आकृत्या मांडून सर्व हालचाली वहीत उतरवल्या होत्या. पहिल्या तालमीला खरी माणसे चालू लागली, तेव्हा ती पुठ्ठ्यासारखी चालेनात. काही मिनिटांतच त्यांनी वही बाजूला ठेवली, ते नटांमध्ये जाऊन उभे राहिले आणि पुन्हा कधी लेखी हालचालींकडे पाहिले नाही. मीही पहिल्या नाटकात अशीच वही केली होती आणि एका अभिनेत्रीने एका वाक्यावर बसायचे की उभे राहायचे यावरून तालमीचा संपूर्ण दिवस घालवला. बसावे असे तिला आतून वाटत होते आणि ती बरोबर होती, हे मला प्रयोगानंतर कळले, त्याची रुखरुख अजून आहे. म्हणून हालचाली लिहू नका. जागा लिहा. फुटाला अर्धा इंच या प्रमाणात सभागृहाचा तळनकाशा काढा, त्यात दार, न्यायासन, खुर्च्या आणि प्रेक्षक दाखवा, आणि नाटकातल्या सहा-सात कळीच्या क्षणी बेणारे दारापासून किती अंतरावर असली पाहिजे एवढेच ठरवा. मधला प्रवास नटांबरोबर शोधा. पहिले दोन आठवडे टेबलाभोवती वाचन, त्यानंतरचे चार उभ्या तालमी, सातव्यात प्रकाश आणि ध्वनी, आठव्यात किमान दोन रंगीत तालमी, इतके वेळापत्रक पुरेसे आहे. खर्चाचे पान एका बाजूत मावेल, कारण पिंजरा गेला की तुमचा मोठा खर्चही गेला.

एक गोष्ट आराखड्यात लिहायची नसली तरी दिग्दर्शक म्हणून तुमच्याकडेच आहे. या नाटकाच्या तालमीत सात-आठ माणसे रोज तासन्‌तास एका मुलीला घेरून तिची अब्रू काढतात. नटांना त्यात रंग चढतो, पदरची वाक्ये घालावीशी वाटतात आणि लक्षात येण्याआधी त्या खोलीत नाटकातलाच खेळ सुरू होतो. संहितेबाहेरचा एकही टोमणा तालमीत चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. तिसऱ्या अंकाची तालीम संपली की सर्व दिवे लावा, दार सताड उघडा आणि पहिला चहा त्या अभिनेत्रीला द्या. तिला थांबावेसे वाटले तर तालीम थांबवायला तिने कारण सांगण्याची गरज नाही, हेही सर्वांसमोर सांगून ठेवा.

आणि या आठवड्यात, नकाशा काढायच्या आधी, जुन्या बाजारातून एक जड लोखंडी कडी विकत आणा. ती लाकडी फळीवर ठोकून वाचनाच्या पहिल्या दिवसापासून टेबलाजवळ ठेवा आणि संहितेत दाराचा उल्लेख येईल त्या प्रत्येक वेळी कोणीतरी ती सरकवावी. तिचा आवाज सर्व नटांच्या कानांत बसू द्या.